दीड ते चार-वीस

२७ एप्रिल १९५९, सोमवार. मुंबई.

दुपार. नौदलातले कमांडर कावस नानावटी प्रेमानं पत्नीच्या खांद्यावर हात टाकतात. ती अंग चोरते. जेवण उरकल्यावर ते खोदून विचारतात आणि सिल्विया कबूल करते. प्रेम आहुजाशी तिचे संबंध आहेत.

१.३०. नानावटी घराबाहेर पडतात. बायको-मुलांना सिनेमाला सोडतात. सहाला न्यायला येतो, असं सांगतात.

त्यानंतर. युद्धनौकेवर. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, या सबबीवर ते रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतात. हत्यार तपकिरी पाकिटात ठेवतात. मग आहुजाचं ऑफिस. आहुजा तिथं नाही. परत फिरायला इथंही वाव होता. माझ्या मते अख्खा खटला या सबबीत आणि या पाकिटात आहे.

४.२०. आहुजाचा फ्लॅट. नोकर दार उघडतो. नानावटी थेट बेडरूममध्ये जातात, दार आतून लावतात. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. तीन गोळ्या. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव पुढं झाला. पण टॉवेल कमरेवरून सुटलासुद्धा नव्हता.

नानावटी स्वतःहून पोलीस उपायुक्त जॉन लोबोंसमोर हजर होतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर. सत्र न्यायाधीश मेहतांसमोर नऊजणांची ज्यूरी. बाहेर करंजियांचं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक नानावटींची बाजू उचलून धरतं, कोर्टाबाहेर गर्दी लोटते. रुबाबदार अधिकारी, फसवला गेलेला नवरा. लोकांचा निकाल आधीच लागलेला असतो. मृताची बाजू घेणारे थोडेच उरतात.

२१ ऑक्टोबर. आठ विरुद्ध एक. निर्दोष.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या सिनेमात किंवा बासू चटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये ज्यूरीतला एकटा माणूस बाकी अकरांना थोपवू शकतो, कारण तिथं एकमत लागतं. आपल्याकडं बहुमत पुरेसं होतं. त्या नवव्या माणसाचं आठांनी ऐकलंच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. आणि पूर्वग्रह म्हणजे फक्त त्या सिनेमांतल्यासारखा गरीब आरोपीविषयीचा राग नव्हे. देखण्या आरोपीविषयीचं प्रेमही तितकंच आंधळं असतं.

न्यायाधीश मेहतांना निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं.

११ मार्च १९६०. हायकोर्टाची जन्मठेप. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश शिक्षा स्थगित करतात.

२४ नोव्हेंबर १९६१. सुप्रीम कोर्ट जन्मठेप कायम करतं. दीड ते चार-वीस, जवळपास तीन तास. मन आवरायला एवढा वेळ पुरेसा होता, असं कोर्ट म्हणतं. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित माफी देतात.

या एका खटल्यानं ज्यूरी गेली, हे पूर्ण खरं नाही. विधी आयोगानं १९५८ मध्येच ती बंद करा म्हटलं होतं. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी उरली नाही. आज मराठवाड्यातल्या लोह्यासारख्या गावातल्या खुनाचा खटलाही सत्र न्यायाधीशच ऐकतात, आणि त्यांना निकालाची कारणं लिहून द्यावी लागतात.