बाटली क्रमांक ५३-एन

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी आज शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी आहे. त्यातला एखादा नायजेरिया किंवा युगांडाला निघाला, की पासपोर्ट-व्हिसाबरोबर आणखी एक कागद लागतो. तो म्हणजे यलो फीव्हरची लस घेतल्याचे पिवळे कार्ड. आणि लस म्हटली, की घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "काही होणार तर नाही ना?" हा प्रश्न चुकीचा नाही, नवाही नाही. शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नापायी एका थोर शास्त्रज्ञाची कारकीर्द पणाला लागली. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था आपल्याला ठाऊक असते, पण त्यांचे भारतातले काम सुरू झाले ते आपल्या या कोलकात्यात.

हाफकिन १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्यात आले. (लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेही याच वर्षी.) येथल्या वस्त्यांत लोक सुईला घाबरत. तेव्हा हाफकिन लोकांसमोर आधी स्वतःला टोचून दाखवीत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पुन्हा आधी स्वतःलाच टोचली. ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली.

तो काळ कठीण होता. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. घरझडतीच्या जुलमाने लोक पेटले आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारवरचा विश्वास उडालेला असताना सरकारी लसीवर तो कसा बसावा?

अशातच ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. पुढच्या काही दिवसांत त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि सर्वच्या सर्व दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. तिचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

चौकशी बसली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पण साक्षीपुरावे नीट तपासल्यावर वेगळेच दिसले. बाटलीचे बूच काढायचा चिमटा गावातल्या मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर धरून निर्जंतुक न करता नुसता औषधी पाण्यात बुडवून वापरला होता. रोनाल्ड रॉस आदी नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले आणि पुन्हा कोलकात्यात रुजू झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

मधल्या वर्षांत पंजाबात लसीची मोहीम मंदावली आणि प्लेगने तेथे लाखो माणसे नेली. त्या १९ जणांचे मरण खरे होते, ते कोणी विसरू नये. पण लसीवरचा विश्वास उडाल्याची किंमत त्याहून कितीतरी मोठी ठरली.

मुलकोवालचे सत्य हाती लागले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतली लस दिली, हे कळू शकले. आज आपल्या पिवळ्या कार्डावरही लस कोणी बनविली आणि तिचा बॅच क्रमांक कोणता, याचा रकाना असतो. तो भरून घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नका. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच घ्यावी. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण कार्ड दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. साठी उलटलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे.

घरच्यांनी "काही होणार तर नाही ना?" असे जरूर विचारावे. मात्र ते डॉक्टरांना विचारावे, आणि उत्तर मिळाले की बाही वर करावी. विघ्नहर्त्यापुढे हात जोडून निघताना ते कार्ड पासपोर्टमध्येच ठेवावे.

गणपती बाप्पा मोरया!