हिराकसाची तीन नावं

अंबड-घनसावंगीच्या मोसंबी पट्ट्यात पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की कृषी सेवा केंद्रातून फेरस सल्फेट आणलं जातं. जुनी माणसं त्याला हिराकस म्हणतात. शाळेतली पोरं परीक्षेत आयर्न टू सल्फेट लिहितात. वस्तू एकच, पण तिन्ही नावांचा काळ वेगळा.

हिराकस हा शब्द रंगाऱ्यांचा आणि शाई करणाऱ्यांचा. हिरड्याच्या काढ्यात हा हिरवट खडा टाकला की काळाभोर रंग उतरतो; त्यांना एवढं पुरे होतं. खड्यात लोखंड आहे, हे नावावरून कळायची सोय नव्हती.

ती सोय १७८७ साली पॅरिसमध्ये झाली. ग्यितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्तोले आणि फूरक्र्वा या चौघांनी ठरवलं, की पदार्थाच्या नावातच त्याचे घटक दिसावेत. पण लोखंड दोन तऱ्हांनी जोडलं जातं, त्याचं काय? स्वीडनच्या बर्झेलियसने लॅटिन शेपट्या लावल्या : कमी प्रभाराला ‘अस’, जास्त प्रभाराला ‘इक’. फेरस आणि फेरिक ही त्याच वळणाची नावं.

युक्ती देखणी, पण लंगडी. फेरस म्हणजे दोन, फेरिक म्हणजे तीन. तांब्यात मात्र क्युप्रस म्हणजे एक आणि क्युप्रिक म्हणजे दोन. शेपटीवरून आकडा कळतच नाही, पाठ करावा लागतो. मँगनीज तर दोनपासून सातपर्यंत रूपं बदलतं. त्याला दोन शेपट्या कशा पुरणार? १९१९ मध्ये जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड स्टॉकने सरळ आकडाच नावात घातला. आज तो आकडा कंसात, रोमन पद्धतीने लिहितात. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत तापल्या लोखंडावरून जी काळी खपली पडते, तिच्यातल्या एका ऑक्साइडला कंसात दोन आणि तीन असे दोन्ही आकडे लागतात.

माझं मत स्टॉकच्या बाजूने आहे, पण बाजारात बर्झेलियस अजून टिकून आहे, आणि शेतकऱ्याचं स्टॉकवाचून अडतही नाही. मोसंबीची मुळं लोह फेरस रूपातच आत घेतात. चुनखडीच्या जमिनीत ते लवकर फेरिक होऊन न विरघळणारं बनतं, म्हणून फवारणी करतात किंवा चिलेट वापरतात. उघड्या हवेतही तेच घडतं. तेव्हा पिशवी घेताना खडे हिरवट आहेत ना, ते पाहा. पिवळट-तांबूस झाले असतील तर तिथेच परत करा.