आवेग तेवढाच, वेळ मात्र वेगळी

बोरीवलीहून महामार्गाने उत्तरेला निघालात, की दहिसरपुढे हाच रस्ता अहमदाबादकडे जातो. याच रस्त्यावर चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर 4 सप्टेंबर 2022 रोजी सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

आता गणित बघा. माणूस 60 किलोचा, वेग ताशी 72 किमी, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. संवेग झाला 1200. थांबताना तो शून्य होणारच, म्हणजे आवेग ठरलेला. पण 0.01 सेकंदात थांबलात तर सरासरी बल 1,20,000 न्यूटन, 0.1 सेकंदात थांबलात तर 12,000. पट्टा माणसाला गाडीशी बांधतो, त्यामुळे बॉनेट चेपायला लागणारा वेळ त्यालाही मिळतो.

न्यूटनचा नियम 1687 चा, व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा पट्टा 1959 चा. मधे काय घडलं? 1942 मध्ये ह्यू डी हेवन यांनी उंचावरून पडूनही वाचलेल्यांचा अभ्यास केला. 'माणसं मेली का?' याऐवजी त्यांनी विचारलं, 'ही वाचली कशी?' थांबायला थोडं अंतर मिळालं, म्हणून!

विषय निवडताना हे लक्षात ठेवा: नियम जुना चालतो, प्रश्न नवा लागतो. आणि हो, मागे बसलात तरी पट्टा लावा.