वाळणाऱ्या लाकडाची मजुरी

मिरजेच्या सतारीची कथा शिकलगारांपासून सुरू होते. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारा, हत्यारे दुरुस्त करणारा कारागीर. १८१८ साली पेशवाई बुडाली, तलवारीचे मोल उतरत गेले आणि या हातांचे काम सुटू लागले. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगाराने तंतुवाद्ये दुरुस्त करावयास व पुढे घडवावयास घेतली, असे मिरजेत परंपरेने सांगतात. त्यांच्या वंशजांनी ‘सतारमेकर’ हे आडनावच लावले.

लोखंडाकडून लाकडाकडे येताना या माणसाला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली असेल, ती म्हणजे थांबणे. तलवार तापवली, ठोकली, पाणी दिले की कामास तयार. लाकडाचे तसे नाही. ताज्या तुटलेल्या झाडात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असू शकते. ते शेकडा तीसच्या खाली उतरले की लाकूड आकसू लागते, आणि तेही सारखे नाही. लांबीत जवळजवळ नाही, पण वाढीच्या वलयांच्या दिशेने त्यांना आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणून फळी वाकते, पिळते, टोकांकडून तडकते. घाईने उन्हात टाकली तर वरचा थर सुकतो, पोट ओलेच राहते आणि आत ताण साठून राहतो. तेव्हा सावलीत, वारा खेळेल अशा जागी, थराथरांत पट्ट्या घालून फळ्या रचावयाच्या आणि इंचभर जाडीला सुमारे एक वर्ष धरून चालावयाचे, हा सुतारांचा जुना हिशेब.

वाळले म्हणजे संपले असेही नाही. लाकूड हवेशी देवघेव करीतच राहते. हवेत शेकडा पासष्ट दमटपणा असेल तर लाकडात बारा टक्के पाणी राहते, नव्वद असेल तर वीसपर्यंत जाते. मिरजेच्या चैत्रात तयार झालेली सतार मुंबईच्या आषाढात गेली की तुणाच्या लाकडाची तबली फुगते. तबलीवर घोडी, घोडीवर तारा. आणि जवारीचा सगळा खेळ तार व घोडी यांमधल्या केसभर फटीचा. तबली केसभर हलली तरी सूर बसका होतो. दोष मात्र कारागिराच्या हाताचा ठरतो.

भोपळ्याचीही गत तीच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, भीमेकाठचे मोठे भोपळे वाळवून येतात. तोंड कापून ते पाण्यात भिजवावयाचे, मऊ झाले की आत काठ्या लावून तोंड रुंदावयाचे आणि पुन्हा वाळवावयाचे. ओला करून वाळवणे, तेही दोनदा!

मला येथे विचारावयाचे आहे ते हे : या वाळण्याची मजुरी कोण देतो? रंधा मारलेले तास मोजता येतात, पॉलिश मोजता येते. फळी तीन वर्षे पडून आहे, तिच्यात पैसा अडकला आहे, तिला वाळवीपासून राखावयाचे आहे, हे कोणत्याही मजुरीच्या कागदावर नसते. नगावर काम करणारा कारागीर हप्त्याच्या बाजाराकडे पाहतो. त्याला तीन वर्षांची फळी परवडत नाही. तो अर्धीकच्ची फळी घेतो, किंवा थांबण्याची ऐपत असलेल्या व्यापाऱ्याकडून पक्की फळी त्याच्या भावाने घेतो. थांबण्याची ऐपत ज्याची, नाव त्याचे. कारागिरीची घसरण म्हणून आपण ज्याला हळहळतो, त्यात हाताची घसरण किती आणि उसनवारीची किती, हे एकदा पाहिले पाहिजे.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते वारले. त्यांना वाद्यांची दुरुस्ती स्वतः करता येई. अशा गवयांमुळे कारागिराला चांगले लाकूड ओळखणारा गिऱ्हाईक मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. नावाचे रक्षण झाले, पण फळीला वाळावयास लागणारा काळ त्याने कमी होत नाही. भट्टीत लाकूड लवकर सुकते हे खरे, पण तीही सावकाश चालवावी लागते आणि तिलाही भांडवल लागते.

माझ्या मते कारागिरांच्या मालकीचे एक सामाईक गुदाम हवे. प्रत्येक फळीच्या टोकावर खडूने चिरल्याची तारीख लिहिलेली असावी आणि दर महिन्याला तिचे वजन करावे. वजन उतरावयाचे थांबले की फळी काढावी, तोवर हात लावू नये. आणि त्या वर्षांचे भाडे व व्याज सतारीच्या किमतीत उघड, वेगळ्या ओळीत मांडावे.