नॅशव्हिलच्या गायकांची विलायतयात्रा

जात्यावर म्हटलेली ओवी आणि सभेंत म्हटलेलें पद यांत एक मूलभूत भेद आहे. ओवी म्हणणारीला श्रोता नको असतो. कोणी ऐकत आहे अशी चाहूल लागतांच ती बहुधा थांबते. सभेंतील पद मात्र श्रोत्यांवांचून उभेंच राहत नाहीं. एकांतांत जन्मलेलें गीत सभेंत नेलें, तर त्याचें काय होतें, हा प्रश्न संगीताच्या इतिहासांत वारंवार उपस्थित झालेला आहे. परंतु अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, नॅशव्हिल शहरीं, इ. स. १८७१ च्या सुमारास तो ज्या निकडीनें उभा राहिला, तशी निकड क्वचितच अन्यत्र आढळेल.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें व गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. पुढच्याच वर्षाच्या जानेवारींत एका ख्रिस्ती मिशनरी संस्थेनें नॅशव्हिल येथें मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठीं 'फिस्क' नांवाची शाळा उघडली. काल-परवांपर्यंत ज्यांना अक्षर शिकविणें हा दक्षिणेंतील अनेक संस्थानांत गुन्हा होता, ते लहानथोर सर्वच तेथें पाटी घेऊन बसले. शाळा लष्कराच्या जुन्या रुग्णालयाच्या लांकडी इमारतींत भरत असे. पांच वर्षांत त्या इमारती मोडकळीस आल्या आणि तिजोरी रिकामी झाली. शाळा बंद करावी, हा विचार चालकांच्या मनांत घोळूं लागला.

शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे उत्तरेकडील सैन्यांत लढलेले गोरे गृहस्थ असून मुलांना गाणें शिकविण्याचें कामही तेच करीत. मुलांची एक गायकमंडळी घेऊन उत्तरेकडील गांवोगांवच्या चर्चांतून गावें आणि पैसा उभारावा, ही कल्पना त्यांची. ती पुष्कळांना वेडगळ वाटली. तरी ६ ऑक्टोबर १८७१ रोजीं उरलेसुरले पैसे घेऊन ते नऊ विद्यार्थ्यांसह निघाले. या नवांपैकीं बहुतेक गुलाम म्हणूनच जन्मलेले होते. पियानो वाजविणारी एला शेपर्ड हिला तिच्या बापानें पैसे मोजून दास्यांतून सोडविलें होतें. बेंजामिन होम्स यानें चार्ल्स्टन येथील गुलामांच्या तुरुंगांत असतां लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा इतर बंद्यांना वाचून दाखविला होता. मिनी टेट ही तर अवघी चौदा वर्षांची पोर होती.

आरंभींच्या कार्यक्रमांत ही मुलें गात तीं गाणीं गोऱ्या समाजाच्या आवडीचीं होतीं. आपल्या वाडवडिलांचीं गाणीं त्यांना चांगलीं येत. पण तीं चारचौघांत म्हणण्यास त्यांचें मन घेत नसे. या संकोचाचें कारण पुढें एला शेपर्ड हिनेंच सांगितलें आहे. तीं गाणीं दास्याच्या अंधाऱ्या काळाशीं जोडलेलीं होतीं, आणि आईबापांनीं तीं चोरून केलेल्या उपासनेंत म्हटलेलीं असल्यामुळें पवित्रही होतीं. लाज आणि पावित्र्य या दोन भावना एकाच गाण्याभोंवतीं अशा गुंतलेल्या होत्या. त्यांतच, गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची जीं सोंगें आणीत, तीं पाहण्यास अमेरिकेंतील प्रेक्षक सोकावलेले होते. आपलें गाणें ऐकून लोक हंसतील, ही भीति निराधार नव्हती.

दौऱ्याचा प्रारंभही फारसा शुभ नव्हता. श्रोते थोडे, थंडी कडक, आणि हॉटेलांत कृष्णवर्णीयांना जागा मिळण्याची मारामार. त्याच सुमारास शिकागो शहर आगीनें होरपळलें, तेव्हां या कंगाल मंडळीनें एका जलशाचें सारें उत्पन्न, पन्नास डॉलरांहूनही कमी असलेलें, आगींत सांपडलेल्यांसाठीं देऊन टाकलें! पुढें कोलंबस येथें व्हाइट यांनीं मंडळीला 'जुबिली गायक' हें नांव दिलें. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें दर पन्नासावें वर्ष जुबिलीचें असून त्या वर्षीं दास मुक्त होत असत. नोव्हेंबरांत ओबर्लिन येथें धर्मोपदेशकांची एक परिषद भरली होती. तेथें या मुलांनीं 'स्टील अवे' हें हळूच निसटून जाण्याविषयींचें गाणें अत्यंत मृदु स्वरांत सुरू केलें आणि सभा स्तब्ध झाली. तेथून कार्यक्रमाचें रूप पालटत गेलें व वाडवडिलांचीं गाणीं हेंच त्याचें सार झालें. १८७२ च्या वसंतापर्यंत मंडळीनें वीस हजार डॉलर मिळविले.

विलायतेच्या प्रवासाचा योग १८७३ सालीं आला. कृष्णवर्णीयांना वरच्या वर्गाची जागा देण्यास अनेक आगबोट कंपन्यांनीं नकार दिला. अखेर एकीनें दिली. लंडनमध्यें लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं त्यांना आश्रय दिला आणि ७ मे रोजीं ड्यूक ऑफ अर्गाइल यांच्या घरीं व्हिक्टोरिया राणीनें त्यांचें गाणें ऐकलें. हे ड्यूकसाहेब म्हणजे त्या वेळचे हिंदुस्थानचे स्टेट सेक्रेटरी. पुढें मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांनीं त्यांना आपल्या घरीं जेवावयास बोलाविलें. ज्यांना स्वदेशांत खाणावळींतून बाहेर काढीत, ते परदेशांत प्रधानाच्या पंक्तीस बसले.

येथें आपल्याकडील एका गोष्टीचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. याच १८७३ सालीं पुण्यास जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालें आणि तें त्यांनीं, गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केलें. लंडनमधील गायकांना पुण्याच्या पुस्तकाचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तरी या दोन घटना शेजारीं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. जोतीरावांची अर्पणपत्रिका मुक्ति देणाऱ्यांचा गौरव करते, आणि तो यथार्थच आहे. पण बेडी तोडणें हें मुक्तीचें अर्धेंच काम. तुटल्यानंतर शाळा कोणी बांधावी, मास्तराचा पगार कोणी द्यावा, हें दुसरें अर्धें. तें काम त्या वर्षीं मुक्त झालेल्यांचीं मुलें स्वतःच्या कंठानें करीत होतीं. विद्येचें महत्त्व जाणणाऱ्या जोतीरावांना हें दृश्य निःसंशय भावलें असतें.

ब्रिटनमधून मंडळी परतली, तेव्हां पन्नास हजार डॉलरांच्या आसपास रक्कम जमली होती. तिच्यांतून नॅशव्हिल येथें 'जुबिली हॉल' ही भव्य वास्तु उभी राहिली. १ जानेवारी १८७६ रोजीं तिचें उद्घाटन झालें. लगेच दुसरा दौरा सुरू होता: पुन्हां ब्रिटन, मग हॉलंड, मग जर्मनी. पॉट्सडॅमच्या राजवाड्यांतही गाणें झालें. परंतु या यशाची किंमत जबर होती. व्हाइट यांची पत्नी १८७४ सालीं ग्लासगो येथें वारली. होम्स क्षयानें गेला. रोजचा प्रवास, रोजचें गाणें, खर्चाची व पगाराची कुरकुर यांनीं सर्वजण थकले, आणि १८७८ सालीं हॅम्बुर्ग येथें मंडळी मोडली.

तथापि गाणें तेथें थांबलें नाहीं. मंडळींतील फ्रेडरिक लाउडिन यानें पुढें स्वतंत्र संच घेऊन १८८४ पासून १८९० पर्यंत जगाचा प्रवास केला. हा जन्मानें स्वतंत्र, ओहायोंतील. पण ज्या चर्चचा तो सभासद होता, त्याच चर्चच्या गायकवृंदांत त्याच्या वर्णामुळें त्याला प्रवेश मिळाला नव्हता. तोच आतां ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हिंदुस्थान व जपान येथवर गात गेला. १८८६ सालीं ऑस्ट्रेलियांत मरे नदीकांठच्या मालोगा येथें त्याच्या संचानें तेथील मूळ रहिवाशांपुढें गाणें म्हटलें. फारोच्या सैन्याच्या पराभवाचें एक गीत त्या लोकांनीं आपल्या योर्टा योर्टा भाषेंत उतरवून घेतलें आणि तें तेथें अजूनही गाइलें जातें. इजिप्तचा जुलमी राजा कोणत्या अर्थानें आपला, हें त्यांना कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं.

आतां मूळ प्रश्न. एकांतांतील गीत सभेंत आणल्यानें या गाण्याचें काय झालें? कांहीं गेलें, हें मान्य केलें पाहिजे. मळ्यांतील उपासनेंत टाळ्या, पायांचा ठेका, रिंगण धरून फिरणें, अंगांत संचार झाल्यासारखा आवेश असे. व्हाइट यांनीं स्वर घोटून घोटून मऊ केले, सुरावटी पाश्चात्त्य संगीताच्या शिस्तींत बसविल्या, आणि मंडळी स्थिर उभी राहून गाऊं लागली. लेखनिकांनीं चाली कागदावर उतरविल्या. कागदावर जेवढें मावलें तेवढेंच उरलें. पण त्याबरोबरच हेंही खरें, कीं काजळी फासलेल्या नटांच्या तावडींतून हीं गाणीं याच शिस्तीनें सोडविलीं. श्रोत्याला हंसावयास जागाच राहिली नाहीं.

आमच्या मतें निर्णायक गोष्ट निराळीच आहे. गीत बाजारांत गेलें कीं नाहीं, यापेक्षां तें कोणी नेलें, कोणत्या रीतीनें म्हटलें, आणि मिळालेला पैसा कोठें गेला, हें पाहिलें पाहिजे. या मुलांचीं गाणीं दुसऱ्या कोणीं नेलीं असतीं, तर ती लूट ठरली असती. त्यांनीं तीं अनिच्छेनें का होईना, पण स्वतः नेलीं, सोंगाला नकार देऊन म्हटलीं, आणि सात वर्षांत मिळविलेले सुमारें दीड लाख डॉलर आपल्या मागून येणाऱ्यांच्या विद्येसाठीं खर्चिले. ज्या गाण्याची त्यांना लाज वाटत होती, त्याच गाण्यानें त्यांच्या डोक्यावर छप्पर उभारलें. जुबिली हॉल आजही उभा आहे, आणि १८७३ सालीं विलायतेंत काढलेलें त्या गायकांचें भिंतभर मोठें तैलचित्र तेथें आहे. ज्यांच्या आईबापांना अक्षर ओळखण्याचीही बंदी होती, अशांनीं विद्येला दिलेली ही देणगी आहे. आणि ती त्यांनीं स्वतः कमावलेली आहे.