चष्मा, आवाज आणि तिऱ्हाईत

मराठी माणसाने चष्म्याला फार पूर्वी एक घरगुती नाव दिले: चाळशी. चाळिशी उलटली की अक्षर पुसट होते, पोथी हातभर दूर धरावी लागते, आणि मग नाकावर चाळशी चढते. चाळशी लावलेला माणूस समोर बसला तर कोणाच्या मनात किंतु येत नाही. तो वाचतो आहे, हिशेब तपासतो आहे की सुईत दोरा ओवतो आहे, हे पाहणाऱ्याला तत्काळ कळते. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस पहिले चष्मे झाले. तेव्हापासून सुमारे सातशे वर्षे लावणाऱ्याच्या डोळ्यांची सोय पाहणे एवढेच चष्म्याचे काम होते. २०१२ साली मात्र अमेरिकेत असा एक चष्मा लोकांपुढे आला, की जो लावणाऱ्याला दाखवीत होताच, शिवाय स्वतः पाहत होता, ऐकत होता आणि तोंडी हुकूम घेत होता. पुरती तीन वर्षे होण्यापूर्वीच त्याला रस्त्यावरून माघार घ्यावी लागली. त्या माघारीची कारणे केवळ यंत्रशास्त्रात सापडत नाहीत. ती माणसामाणसांतील व्यवहारात शोधावी लागतात.

डोळ्यापुढच्या दृश्यावर यंत्राने काढलेले दुसरे चित्र पसरवण्याची कल्पना त्या वेळी नवी नव्हती. १९६८ साली आयव्हन सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने डोक्यावर चढवण्याचे एक यंत्र सिद्ध केले. डोळ्यांपाशी दोन लहान चित्रनलिका आणि पुढे अर्धपारदर्शक आरसे अशी त्याची रचना होती. त्यामुळे खोली दिसे, आणि त्याच खोलीत संगणकाने केवळ रेषांनी रेखाटलेली आकृती अधांतरी तरंगताना दिसे. डोके वळवले की आकृतीची बाजू बदले. डोक्याची हालचाल मोजणारी यांत्रिक भुजा छतापासून खाली लोंबत असे. म्हणून ग्रीक कथेत डॅमोक्लीसच्या डोक्यावर टांगलेल्या तलवारीचे नाव तिला थट्टेने पडले. पुढे १९९० च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल हे विमानातील तारांच्या जुड्या बांधण्याच्या कामाचा विचार करीत होते. कोणती तार कोठून कोठे न्यायची हे कामगारांना मोठमोठ्या फळ्यांवरील आकृत्या पाहून ठरवावे लागे. ती आकृती कामगाराच्या डोळ्यापुढेच उमटली तर काम सोपे होईल, या विचारातून ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’, म्हणजे वास्तवात भर घालणे, हा शब्दप्रयोग रूढ झाला. प्रयोगशाळेत आणि कारखान्यात या कल्पनेला कोणी हसले नाही. अडचण आली ती यंत्र चव्हाट्यावर आले तेव्हा. कारण तेथे आवाज आणि कॅमेरा यांचे दोन जुने प्रश्न त्याची वाट पाहत होते.

यांतील आवाजाचा प्रश्न आधी पाहावा. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दूरध्वनी सिद्ध केला. तारेतून आवाज नेण्याचा प्रश्न सुटला, पण बोलण्यास आरंभ कसा करावा हा प्रश्न उरला. समोर माणूसच नाही, तर नमस्कार कोणाला करायचा? बेल यांना खलाशांची ‘अहोय’ ही हाळी पसंत होती. थॉमस एडिसन यांनी १८७७ साली एका पत्रात ‘हॅलो’ हा शब्द सुचवला आणि तोच जगभर रुजला. १८८२ साली मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले, आणि कालांतराने हा शब्द मराठी घरांतही शिरला. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या शब्दाने एक मोठे काम केले. खोलीतल्या इतरांना तो सांगतो, की हा माणूस आता तुमच्याशी बोलत नाही, त्याचे लक्ष दुसरीकडे लागले आहे. कानाला लावलेला रिसीव्हर हीदेखील तीच खूण होती. ती खूण नाहीशी होताच गोंधळ झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कानात बिनतारी ब्लूटूथ अडकवून, हातवारे करीत, एकटेच बोलत चालणारी माणसे रस्त्यांवर दिसू लागली तेव्हा येणारेजाणारे वळून पाहत. याला वेड तर लागले नाही ना, अशी शंका त्यांना येई.

त्या बोलण्याला निदान दुसऱ्या टोकाला माणूस होता. यंत्राशी बोलताना तोही नसतो. १९५२ साली बेल प्रयोगशाळेतील ‘ऑड्री’ हे यंत्र शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे ओळखू लागले, तेही ओळखीच्या आवाजात, मध्ये थांबून उच्चारले तर. १९६२ च्या सिएटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएमने मांडलेल्या यंत्राला सोळा शब्द समजत. २०११ साली ॲपलच्या फोनमध्ये ‘सिरी’ आली, २०१४ साली ॲमेझॉनची ‘अलेक्सा’ आली, आणि २०१८ साली गूगलचा सहायक मराठीही समजू लागला. तेव्हा यंत्राला ‘गाणे लाव’ म्हणावे की ‘गाणे लावा’ म्हणावे, असा इंग्रजीला कधीच न पडलेला प्रश्न मराठी घरात उभा राहिला. शिवाय यंत्राला हाक कोणी मारली, याचा विवेक त्याला असतोच असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये सॅन डिएगो येथील दूरचित्रवाणीवर, एका लहान मुलीने अलेक्साकडून बाहुलीचे घर मागवल्याची बातमी सांगताना निवेदकाने तिचे वाक्य उच्चारले. काही प्रेक्षकांच्या दिवाणखान्यातील यंत्रांनी तोच हुकूम समजून बाहुलीचे घर मागवण्याची तयारी केली, अशा तक्रारी आल्या.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा. पूर्वी छायाचित्र काढणे हा एक सोहळा असे. कॅमेरा तिपाईवर, छायाचित्रकार काळ्या कापडाखाली, आणि यजमान खुर्चीत ताठ. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर, आत शंभर छायाचित्रांची फिल्म, आणि आकार हातात धरता येईल एवढा. आता कोणालाही न विचारता कोणाचेही छायाचित्र काढणे सोपे झाले. दोनच वर्षांनी, १८९० साली, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांनी हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला. क्षणार्धात निघणारी छायाचित्रे आणि वृत्तपत्रांची अतिरेकी चौकसवृत्ती ही त्याची निमित्ते होती. कायद्याचा विचार सावकाश पुढे गेला. व्यवहाराने मात्र आपली तडजोड लवकर शोधली. कॅमेरा डोळ्याशी नेला की समोरच्याला कळे. मग त्याला हसता येई, तोंड फिरवता येई, किंवा हात आडवा धरून नको म्हणता येई.

गूगलच्या चष्म्याने या दोन्ही खुणा एकदम पुसल्या. एप्रिल २०१२ मध्ये ‘ग्लास’ या नावाने ही योजना जाहीर झाली. जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आकाशातून उड्या घेणाऱ्या छत्रीधाऱ्यांनी हा चष्मा लावला, आणि त्यांना दिसणारे दृश्य कंपनीचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांनी सभागृहातील श्रोत्यांना त्याच क्षणी दाखवले. कौतुकाला पारावार उरला नाही. २०१३ पासून निवडक लोकांना तो १,५०० डॉलरला मिळू लागला. उजव्या डोळ्याच्या किंचित वर काचेचा लहानसा लोलक, शेजारी कॅमेरा, दांडीत संगणक, आणि आवाज कवटीच्या हाडावाटे कानी पोहोचण्याची योजना. ‘ओके ग्लास’ म्हणावे आणि छायाचित्र काढ, संदेश धाड, वाट दाखव, असा हवा तो हुकूम सोडावा.

लावणाऱ्याला यात नवल वाटे. समोरच्याला मात्र वर वळलेला एक डोळा आणि कोणालाच उद्देशून नसलेले शब्द एवढेच दिसे आणि ऐकू येई. हा माणूस माझ्याकडे पाहतो आहे की कोणाचे पत्र वाचतो आहे? माझे चित्रण होत आहे की नाही? हे कळण्याचा खात्रीचा मार्ग नव्हता. डिसेंबर २०१३ मध्ये डोळा मिचकावून छायाचित्र घेण्याची सोय आली. तिच्यामुळे बोलण्याचा संकोच वाचला खरा. पण परक्या माणसाकडे पाहून डोळा मिचकावण्याचा अर्थ कोणत्या देशात चांगला घेतला जातो?

परिणाम व्हायचा तो झाला. मार्च २०१३ मध्ये, चष्मा सर्वांसाठी विक्रीला येण्याच्या कितीतरी आधी, सिएटलमधील एका मद्यगृहाने तो लावून येण्यास बंदी घातली. जानेवारी २०१४ मध्ये ओहायोतील कोलंबस येथे चित्रपट पाहत बसलेल्या एका गृहस्थाला अधिकाऱ्यांनी बाहेर नेऊन, तो चोरून चित्रण करीत असल्याच्या संशयावरून, बराच वेळ प्रश्न विचारले. त्याने आपल्या नंबराच्या काचा त्या चष्म्यात बसवून घेतल्या होत्या. चौकशीअंती त्याला सोडण्यात आले. चष्म्याचे नाव आणि एक असभ्य शिवी जोडून इंग्रजीत नवा शब्दही रूढ झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये गूगलने वापरणाऱ्यांसाठी शिष्टाचाराची यादी प्रसिद्ध केली. छायाचित्रापूर्वी परवानगी घ्या, कोपऱ्यात उभे राहून लोकांकडे टक लावून पाहत त्यांचे चित्रण करू नका, असा तिचा आशय होता, आणि तीत तो शिवीवजा शब्दही होता. जानेवारी २०१५ मध्ये त्या चष्म्याची विक्री थांबली. किंमत मोठी होती, बॅटरी लवकर संपे, उपयोगही पुरता ठरलेला नव्हता, ही कारणे खरीच आहेत. परंतु केवळ महाग वस्तूसाठी कोणी शिवी घडवीत नाही.

यंत्र बनवणाऱ्यांनी विचार केला होता तो दोघांचा: हुकूम देणारा माणूस पहिला, आणि हुकूम घेणारे यंत्र दुसरे. त्या दोघांपासून हातभर अंतरावर उभा असलेला तिसरा त्यांच्या हिशेबात नव्हता. मराठीत त्याला तिऱ्हाईत म्हणतात. चष्मा त्याने विकत घेतला नाही, त्याचा लाभ त्याला नाही, पण त्याचा चेहरा आणि त्याचे शब्द मात्र त्यात जाऊ शकतात. कारखान्याचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २०१७ साली हाच चष्मा व्यवसायासाठी पुन्हा आला. बोइंग, शेतीची यंत्रे बनवणारी ॲग्को, मालवाहतूक करणारी डीएचएल अशा कंपन्यांत तो वापरला गेला, आणि मार्च २०२३ मध्ये विक्री बंद होईपर्यंत तेथे त्याच्यावर असा गहजब झाला नाही. तेथे प्रत्येकाला चष्म्याचे प्रयोजन ठाऊक होते. त्या कामाच्या जागी तिऱ्हाईत असा कोणी नव्हता.

नव्या वस्तूची लोकांना सवय होते, तेव्हा या संकोचाला फारसे महत्त्व देऊ नये, असा एक पक्ष आहे. दूरध्वनी आणि कॅमेरा यांचीही सवय झालीच, असे तो सांगतो. ते खरे आहे. पण ती सवय एकतर्फी झाली नाही. दूरध्वनीला हॅलो मिळाला, कॅमेऱ्याला हाताची खूण मिळाली, मग लोक निवळले. दुसरीही एक बाजू विसरता कामा नये. ज्याला दिसत नाही त्याला समोरची पाटी वाचून दाखवणारा चष्मा ही चैन नव्हे. २०२४ साली ‘बी माय आइज’ ही अंधांना साह्य करणारी सेवा अशा चष्म्याशी जोडण्यात आली. त्या माणसाचे चारचौघांत यंत्राशी बोलणे कोणाला चमत्कारिक वाटले, तर दोष ऐकणाऱ्याच्या अज्ञानाचा आहे. सरसकट बंदी हे म्हणूनच उत्तर होऊ शकत नाही.

हा वाद इतिहासजमा झालेला नाही. २०२१ साली फेसबुकने रे-बॅनच्या सहकार्याने कॅमेऱ्याचा नवा चष्मा काढला. चित्रण चालू असता त्यावर एक बारीक दिवा लागे. हा दिवा समोरच्याला पुरेशी सूचना देतो काय, असा प्रश्न आयर्लंड आणि इटली येथील माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी विचारला. २०२३ च्या चष्म्यावर दिवा मोठा झाला. २०२४ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी तोच चष्मा चेहरे शोधणाऱ्या सेवांशी जोडून, अनोळखी माणसाचे नाव आणि पत्ता क्षणात हाती येतो, हे लोकांना सावध करण्यासाठी दाखवून दिले. मे २०२५ मध्ये हे चष्मे भारतातही विक्रीला आले. त्याच वर्षी सप्टेंबरात मेटाच्या मेळाव्यात एक आचारी चष्म्याला पाककृती विचारू लागला. चष्म्याने आरंभीच्या पायऱ्या गाळून भलतेच उत्तर दिले आणि सभेत हशा पिकला. कंपनीच्या तंत्रप्रमुखांनी नंतर खुलासा केला, की आचाऱ्याच्या हाकेने त्या इमारतीतले सारेच चष्मे जागे झाले आणि त्या भाराखाली व्यवस्था कोलमडली. एकाला हाक मारावी आणि साऱ्या गावाने ओ द्यावी, तशातला तो प्रकार. त्याच मेळाव्यात मनगटाच्या स्नायूंचे सूक्ष्म संकेत ओळखणारा पट्टाही दाखवण्यात आला. बोटे किंचित हलवली की काम होते, शब्द उच्चारावा लागत नाही. बोलणाऱ्याचा संकोच त्याने दूर होईल. तिऱ्हाइताला मात्र उरलेली शेवटची खूणही दिसेनाशी होईल.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय एकमताने दिला. त्या निकालपत्रात बॉस्टनच्या त्या दोन वकिलांच्या निबंधाचीही चर्चा आहे. तत्त्व असे मान्य झाले आहे. ते रोजच्या वागण्यात उतरवण्याचे काम न्यायालय करू शकत नाही. पंगतीत शेजाऱ्याच्या पानात डोकावू नये, हे मराठी घरात मुलांना शिकवण्यासाठी कोणता कायदा करावा लागला नाही. बोलत्या चष्म्यालाही अशीच काही रीत लागेल: चारचौघांत शिरताना तो काढून हातात घेणे, निदान आपला चष्मा काय करतो आहे हे विचारण्यापूर्वीच सांगून टाकणे. ती रीत पडेपर्यंत, बसच्या रांगेत शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस क्षणभर थबकला आणि चष्म्याकडे रोखून पाहू लागला, तर त्याला मागासलेला म्हणण्याचे कारण नाही.