चेन्नईचा उन्हाळा आणि शिशाची बॅटरी

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि चेन्नईतील इमारतींखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, मोटारी जागच्या जागी थांबल्या. थांबलेली मोटार पूर्णपणे निद्रिस्त नसते. घड्याळ, चोरघंटा, दाराचे कुलूप यांना अहोरात्र थोडा विद्युतप्रवाह लागतोच. तो ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३१ मेपर्यंतच्या ६८ दिवसांत सुमारे ४९. लहान मोटारीच्या बॅटरीत असतात ३५ ते ४५! शिवाय मे महिना म्हणजे तमिळ पंचांगातील ‘अग्नि नक्षत्रम’. अशा गाडीची किल्ली फिरवल्यावर काय झाले असेल, ते सांगावयास नको.

बॅटरी उतरणे ही किरकोळ अडचण होय. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहणे हा खरा आजार. त्याचे कारण समजण्यास शास्त्रज्ञांना दोन दशके लागली. फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते याने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे एकमेकांना न टेकतील अशा रीतीने गुंडाळून सल्फ्युरिक आम्लात बुडविले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली विद्युतघटमाला सिद्ध केली. आत नेमके काय घडते, हे मात्र १८८२ मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनज्ञांनी मांडले. वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. म्हणजे सल्फेट हा दोष नव्हे, बॅटरीच्या नित्य कारभाराचाच तो भाग आहे. ताजे स्फटिक सूक्ष्म असतात आणि प्रभारण करताच विरघळून पूर्ववत होतात. आठवडेच्या आठवडे लोटले, की लहान स्फटिक विरघळत जातात आणि त्यांच्या जिवावर मोठे वाढतात. हे मोठे स्फटिक मग सहजी विरघळत नाहीत. तेवढी पट्टी कायमची निकामी होते.

प्रारंभी या बॅटऱ्या वीजकेंद्रांत असत व त्यांची निगा राखण्यास माणसे नेमलेली असत. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसला आणि बॅटरी सामान्य माणसाच्या दारात आली, पण निगा राखणारा काही तिच्यासोबत आला नाही. पुढे कित्येक दशके रोहित्र, एकदिशकारक आणि हायड्रोमीटर एवढ्या साहित्यावर बॅटरी दुरुस्तीची दुकाने चालली. भरणे कधी थांबवायचे, हे कारागीर आम्लाची घनता मोजून आणि बुडबुडे पाहून ठरवी. ती नजर मोठी कसबी होती. मात्र घरी आणलेला साधा चार्जर रात्रभर विसरून चालू राहिला, तर बॅटरीतील पाणी आटे आणि पट्ट्या झिजत.

‘स्मार्ट’ चार्जर म्हणजे या नजरेचे यंत्रात झालेले रूपांतर. १९८० च्या दशकात युनिट्रोड कंपनीच्या यूसी३९०६ सारख्या एकात्मिक मंडलांनी ते स्वस्तात शक्य केले. प्रथम स्थिर प्रवाह. व्होल्टता सुमारे १४.४ वर पोहोचली की ती तेथेच रोखून प्रवाह ओसरू द्यायचा, शेवटी १३.५ च्या आसपास उतरून केवळ गळती भरून काढायची. या मंडलाचे मोठे वैशिष्ट्य निराळेच होते. त्याची संदर्भ-व्होल्टता तापमानाबरोबर आपोआप बदलत असे.

चेन्नईसाठी हीच गोष्ट निर्णायक ठरते. वरील आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. तापमान वाढले की पाण्याचे विघटन कमी व्होल्टतेलाच जोर धरते. म्हणून दर अंशामागे प्रत्येक घटाला सुमारे ४ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. ४० अंशांवर सहा घटांच्या बॅटरीला १४.४ ऐवजी जेमतेम १४.०४ व्होल्ट पुरतात. थंड हवेच्या देशासाठी बेतलेला, तापमान न जाणणारा चार्जर येथे रोज थोडाथोडा अपाय करतो. स्वयंगळतीही दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होते.

विद्युत्-रसायनाला तमिळनाडूत जुने घर आहे. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या ३०० एकर जमिनीवर आणि १५ लाख रुपयांवर कारैकुडी येथे केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये नेहरूंनी कोनशिला बसविली, १४ जानेवारी १९५३ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. चेन्नईतील तारामणी येथेही तिचे केंद्र आहे. पुढील पिढीचा टप्पा आयआयटी मद्रासमधून आला. तेथील दोन माजी विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये स्थापन केलेल्या एथर कंपनीने विकसित केलेली, हलक्या विद्युत्-वाहनांच्या प्रभारणाची जोडणी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मानक म्हणून स्वीकारली.

परंतु लिथियमचे शास्त्र शिशाच्या नेमके उलट आहे. शिशाची बॅटरी काठोकाठ भरलेली असावी लागते. लिथियम-आयन मात्र पूर्ण भरून उकाड्यात ठेवली तर लवकर वृद्ध होते, अर्धीअधिक भरलेली बरी. त्यामुळे शिशासाठी बनवलेला, सतत टेकू देत राहणारा चार्जर तिला जोडणे केवळ गैर नव्हे, धोक्याचेही आहे. आज अनेक घरांखाली दोन्ही प्रकारची वाहने शेजारी-शेजारी उभी असतात, आणि विजेचा एकच बोर्ड दोघांच्या मध्ये असतो.